दोष पॅडचा होता

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून मी ‘ग्रोथ अँड इनोव्हेशन हेड’. कालपर्यंत ऑफिसात नुसता दादा होतो. धाकट्याने स्वतः येऊन सांगितलं. धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान आणि या कंपनीचा मालक. चणे आहेत तर दात नाहीत, दात आहेत तर चणे नाहीत. आमच्या घरात चणे त्याला मिळाले, दात मला.

ही वही कुणी वाचायची नाही. तरी पुढेमागे माझ्यावर कुणाला लिहावंसं वाटलंच तर गैरसमज नकोत, म्हणून धंदा एकदा नोंदवून ठेवतो. आम्ही पॅड प्रिंटिंगची मशीन्स विकतो. पेन, बाटलीचं झाकण, सिरिंज अशा गोल, फुगीर वस्तूंवर साधी छपाई होत नाही. तिथे सिलिकॉनचा मऊ गोळा, म्हणजे पॅड, कोरलेल्या प्लेटवरून शाई उचलतो आणि वस्तूवर टेकवतो. झालं. यात अक्कल कमी, वट जास्त. वट माझी.

केबिन मिळाली. थिनरचे डबे ठेवायची खोली होती. निम्मे डबे हलवले, निम्मे माझ्यासोबत आहेत. घरी सांगितलं तर ही म्हणाली, तुम्हाला पद नाही दिलं, अडगळीत टाकलंय. हिला कॉर्पोरेट कळत नाही.

संकल्प: रोज एक नवी कल्पना. आजची कल्पना: दारावर पितळी पाटी.

६ फेब्रुवारी
पहिली स्ट्रॅटेजी मीटिंग. ४६ स्लाइड्स. हजर तिघं: धाकटा, सर्व्हिसवाला पान्या (खिशात पाना असतोच, म्हणून पान्या) आणि मावशी. विसाव्या स्लाइडला पान्या झोपला. नंतर म्हणाला, डोळे मिटून ऐकत होतो.

मावशी आमच्याकडे एकोणीस वर्षं पॅड ओततात. रबर, तेल, हार्डनर ढवळायचं, साच्यात ओतायचं, दुसऱ्या दिवशी काढून अंगठ्याने दाबून बघायचं. एवढंच काम, पण तोरा केवढा! धाकटा त्यांना विचारल्याशिवाय पॅड बाहेर पाठवत नाही. मी म्हटलं, प्रमाण लिहून काढा, ज्ञान एका माणसात अडकून राहता कामा नये. म्हणाल्या, लिहिलेलं आहे साहेब, भिंतीवर आहे, पण हवा बदलली की हात बदलावा लागतो. हात! सायन्स कुठे गेलं आणि या कुठे राहिल्या.

१० फेब्रुवारी
मोठी बातमी. सिरिंजची कंपनी १८ तारखेला डेमो बघायला येणार. बारा मशीन्स, आणि पुढे दर महिन्याला पॅड. धाकटा म्हणाला, दादा, हे जमलं तर भागीदारीचं बोलू. आईने जिवंतपणी त्याला सांगितलंच होतं, दादाला बाजूला ठेवू नकोस. पंधरा वर्षांनी आठवलं. देर आये वगैरे म्हणणार नाही. मिळू दे आधी.

हिला सांगितलं. ती म्हणाली, बघू. एकवीस वर्षं ती बघतेच आहे.

१४ फेब्रुवारी
कारखान्याची पाहणी केली. वातावरण अत्यंत निगेटिव्ह. भिंतीभर पाट्या: ‘हात लावू नये’, ‘चप्पल घालून येऊ नये’, ‘स्प्रे, पॉलिश, हँडक्रीम आत आणू नये’. सगळ्या मावशींच्या हस्ताक्षरात. ‘नको’ आणि ‘नये’ वाचत कोण मोठा होणार? सगळ्या काढल्या. त्या जागी ‘आपण करू शकतो!’ लावलं. पान्याने विचारलं, काय करू शकतो? मी चिकटपट्टी दाबत राहिलो.

मावशी सुट्टीवर, नातवाला ताप. बरं झालं. बदल करताना जुनी माणसं मधे नसावीत.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळ
डेमो रूमचा कायापालट! एकट्याने केला. मशीन दहा वर्षं जुनं दिसत होतं. (आहेच.) गाडीच्या डॅशबोर्डला मारतो ते पॉलिश आणलं आणि मशीन, टेबल, सिरिंज अडकवायचा साचा, सगळं आरशासारखं केलं. सॅम्पलच्या सिरिंज मळकट वाटल्या, त्यांच्यावरूनही तोच कपडा फिरवला. चमक बघत राहावी अशी. सेल्फी काढला. माझ्या नव्या मासिक न्यूजलेटरच्या कव्हरवर जाईल.

अशा बारीक गोष्टींनीच ऑर्डर मिळतात. धाकट्याला हे कधी सुचलं नसतं.

१८ फेब्रुवारी, दुपारी ४
काय लिहू?

पाहुणे तिघं, पैकी एक त्यांच्या क्वालिटीच्या बाई. मी प्रस्तावना केली, छान झाली. मशीन सुरू झालं. पहिल्याच सिरिंजवर शाई टेकली आणि पळाली. रेघांना गोल गोल भोकं. दोनच्या आकड्यानंतर एकदम चार. दुसरी तशीच. दहावी तशीच. पान्याने प्लेट बदलली, शाई बदलली, घाम पुसला. मी वातावरण हलकं ठेवायला म्हटलं, तीन मिलीची कुणाला गरज पडत नाही. कुणी हसलं नाही. पेशंट त्या रेघा बघून औषध घेतो, असं क्वालिटीच्या बाई म्हणाल्या. ते मलाही माहीत आहे.

त्या चिडल्या मात्र नाहीत. म्हणाल्या, चुका होतात, आमच्याकडेही होतात. आठ दिवसांत खरं कारण लेखी कळवा, पटलं तर परत येऊ.

धाकटा पाहुण्यांना सोडून थेट त्याच्या केबिनमध्ये गेला. भागीदारीचा विषय आज मीही काढला नाही.

१९ फेब्रुवारी
मावशी कामावर आल्या. डेमो रूमच्या दारातच थांबल्या, आत आल्या, टेबलावर बोट फिरवून वास घेतला. मग माझ्या केबिनमध्ये आल्या. सगळ्यांदेखत नाही, दार लोटून. विचारलं, मोठे साहेब, इथे कुणी स्प्रे मारलाय का? मी म्हटलं, नाही. हे खरंच आहे. त्यांनी स्प्रे विचारला, मी लावलं ते पॉलिश, आणि तेही कपड्याने. माणसाने प्रश्न नेमका विचारावा.

त्यांनी माझ्या कोटाच्या बाहीकडे पाहिलं, परवाचाच कोट होता. बरं, म्हणाल्या आणि गेल्या.

२० फेब्रुवारी
डबा वाचला. मागे बारीक अक्षरात: सिलिकॉनयुक्त. पुन्हा वाचलं, तेच. मग शांतपणे विचार केला. आपलं पॅडही सिलिकॉनचंच. सिलिकॉनला सिलिकॉन कसं बाधेल? तर्क बिनतोड. डबा गाडीच्या डिकीत ठेवला, कारण त्याची जागाच ती.

न्यूजलेटरच्या फाँटवर दिवस गेला.

२१ फेब्रुवारी
सकाळी टेबलावर एक सिरिंज. रेघा सगळ्या जागेवर, एकही भोक नाही. पान्या म्हणाला, मावशींनी डेमोतलीच सिरिंज सॉल्व्हंटने धुऊन त्याच पॅडने छापली. मग मला दाखवायचं कारण काय? कधी चांगलं, कधी वाईट, म्हणजे पॅडच बेभरवशाचं. हे उलट माझ्याच बाजूचं आहे. ड्रॉवरमध्ये टाकली.

धाकट्याने विचारलं, रिपोर्ट कुठपर्यंत आला? सखोल चाललाय, म्हटलं.

२४ फेब्रुवारी
मावशी पुन्हा आल्या. काही विचारलं नाही. म्हणाल्या, रिपोर्ट बुधवारी जायचाय ना? हो म्हटलं. अजून दोन दिवस आहेत, म्हणाल्या. मला तारखा शिकवतात! बिझी होतो, बसा म्हणायचं राहिलं. चहा घेऊन आल्या होत्या, तो ठेवून गेल्या.

२६ फेब्रुवारी, बुधवार
रिपोर्ट गेला. अकरा पानं, सहा आलेख. निष्कर्ष: दोष पॅडचा होता, मूळ कारण मानवी, लेखी प्रमाणाऐवजी वैयक्तिक अंदाजावर अवलंबून असलेली पद्धत. कुणाचं नाव घेतलं नाही, एवढा मी सुसंस्कृत आहे. पॅड ओतणारी व्यक्ती आमच्याकडे एकच आहे हा माझा दोष नव्हे.

धाकट्याने दोनदा वाचला. नक्की ना दादा? म्हणाला. नक्की, म्हटलं. मग मावशींना आत बोलावलं. दार बंद होतं, ऐकू आलं नाही. काचेतून दिसलं: तो बोलत होता, त्या माझ्या केबिनकडे बघत होत्या.

२७ फेब्रुवारी
मावशींनी किल्ल्या दिल्या. धाकटा म्हणे फक्त महिनाभर थांबा म्हणाला होता, साच्यांना हात लावू नका. त्या म्हणाल्या, ज्या हातावर भरवसा नाही तो हात इथे कशाला? अहंकार, दुसरं काय. पान्या त्यांची पिशवी धरून गेटपर्यंत गेला.

कंपनीला नवं रक्त हवंच होतं. संकल्प: सोमवारपासून पॅड मी ओतणार.

३ मार्च
पॅड ओतलं. भिंतीवरच्या प्रमाणाने, ग्रॅममध्ये मोजून. उद्या निघेल.

न्यूजलेटर सर्व ग्राहकांना पाठवलं. पहिला अंक! कव्हरवर मी.

४ मार्च
पॅड निघालं नाही. म्हणजे साच्याला चिकटलं, उरलेलं बोटांना. आत बुडबुडे. पान्याने विचारलं, हे काय आहे? प्रोटोटाइप, म्हटलं.

सिरिंजवाल्यांचं उत्तर आलं. ऑर्डर नाही. म्हणतात, डेमो बिघडला असता तर चाललं असतं, पण तुमचे पॅड बेभरवशाचे आहेत असं तुम्हीच अकरा पानं लिहून देताय, आणि आम्हाला पॅड तर दर महिन्याला लागणार. लोकांना प्रामाणिकपणा पचत नाही.

६ मार्च
क्वालिटीच्या बाईंनी धाकट्याला माझ्या न्यूजलेटरचं कव्हर परत पाठवलं. खाली एक ओळ: तुमच्या भावाच्या हातात काय आहे?

धाकट्याने फोन माझ्यापुढे ठेवला. फोटो चांगला आला होता. मागे मशीन, पुढे मी, हातात डबा, आणि डब्यावरचं नाव दुकानातल्या जाहिरातीत दिसावं तसं.

मी तर्क सांगायला घेतला, सिलिकॉनला सिलिकॉन. त्याने अर्ध्यात थांबवलं, म्हणाला, शाई सुटावी म्हणून तर पॅड सिलिकॉनचं असतं, सिरिंजवर तेच फासलं तर शाई तिथेही टिकत नाही. विचारलं, मावशींनी तुला विचारलं होतं का? मी म्हटलं, त्यांनी स्प्रे विचारला होता. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. ओरडला असता तर बरं झालं असतं. लहानपणी मी त्याची पतंग फाडली तेव्हा असाच बघत बसला होता.

७ मार्च
धाकटा मावशींच्या घरी जाऊन आला. परत येत नाहीत. सिरिंजवाल्यांनी दुसरीकडून मशीन्स घेतली आणि दोष पॅडचा नव्हता हे कळल्यावर पॅड ओतायला मावशींनाच बोलावलं. सोमवारपासून जातील. धाकटा म्हणाला, मी माफी मागून आलो, तुझी तू माग. स्वतःच्या हाताने लिही.

भागीदारीचं विचारावं असं एकदा मनात आलं. विचारलं नाही. मलाच माझं नवल वाटलं.

९ मार्च
पत्राचा पहिला मसुदा: ‘काही अंतर्गत प्रक्रियांमधील समन्वयाच्या अभावामुळे उद्भवलेल्या परिस्थितीबाबत कंपनी दिलगीर आहे.’ भारदस्त झालाय.

हिला वाचून दाखवला. ही म्हणाली, मावशींना यातलं काय कळेल? मी म्हटलं, त्या सुशिक्षित आहेत. ही म्हणाली, म्हणूनच विचारतेय.

११ मार्च
दुसरा मसुदा. यात ‘गैरसमज’ हा शब्द चार वेळा आला. गैरसमज कुणाचा ते ठरेना. फाडला.

केबिनमध्ये थिनरचे बाकीचे डबे परत आले. सकाळी पान्या एकेक आणून ठेवत होता. मी पाय वर घेतले.

१४ मार्च
तिसरा मसुदा. ‘पॅड चांगलं होतं. पॉलिश मी मारलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो.’ पुढे काहीतरी समर्पक लिहायला तासभर बसलो. सुचलं नाही. एवढंच पाकिटात घातलं.

१५ मार्च, शनिवार
मावशींच्या घरी गेलो. तिसरा मजला, दारात नातवाची सायकल. मावशी कामावर होत्या. सुनेने दार उघडलं, बसा म्हणाली, पाणी दिलं. मी पाकीट पुढे केलं आणि तोंडानेही सांगितलं, कारण पाकीट देऊन पळून आलो असं नको. पॉलिश मी मारलं होतं, असं म्हटलं. शब्द तोंडातून निघायला जड गेले.

सून म्हणाली, ते आईंना पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुमच्या बाहीला वास येत होता. घरी येऊन म्हणाल्या, मोठा माणूस आहे, चारचौघांत कशाला बोलायचं, स्वतःहून सांगेल, आठ दिवस आहेत. आम्ही म्हटलं, तुम्हीच धाकट्या साहेबांना सांगून टाका. तर म्हणाल्या, भावाभावांत माझ्यामुळे नको. रोज संध्याकाळी आल्या की आम्ही विचारायचो, सांगितलं का? म्हणायच्या, उद्या सांगेल.

पाणी संपवून उठलो. जिन्यात जरा वेळ बसलो. लाज वाटली. हे दुसऱ्या कुठल्या शब्दात लिहिता येतंय का ते पाहिलं, येत नाही.

घरी येऊन एकोणीस ते सव्वीस फेब्रुवारीच्या नोंदी वाचल्या. आठही दिवस मी कामात होतो.