परत मागवलेले दांडे

४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तीनदा फोन उचलला आणि ठेवून दिला. तोंडानं सांगायचा धीर होईना, म्हणून लिहिते. येत्या सोमवारी तुझं ऑपरेशन होणार नाही. डॉक्टरांकडे पाठवलेले, खुब्यात बसवायचे सगळे दांडे मी आज परत मागवले.

तुझ्या खुब्यातला जुना दांडा का हलला, ते मागे सांगितलंच होतं. तो हाडाच्या पाचपट ताठ. सगळा भार स्वतःच उचलतो, हाडाला काम उरत नाही आणि ते बसून बसून विरळ होतं. म्हणून तर आम्ही टायटॅनियममध्ये नायोबियम आणि झिर्कोनियम मिसळून निम्म्या ताठपणाचा धातू केला.

काल त्यातला उरलेला तुकडा दोऱ्यांवर टांगून टिचकी मारली. धातू जितका ताठ, तितका त्याचा नाद चढा. हा चढाच निघाला. पुन्हा मारली, पुन्हा तेच. नोंदी काढल्या तेव्हा उलगडा झाला. भट्टीतून काढले की दांडे लगेच पाण्यात बुडवायचे असतात. त्या दिवशी पाण्याचा पंप बंद होता, आणि भट्टीतच हळूहळू निवू द्या असं सांगणारी मीच. तसं निवताना हा धातू आतून ताठ आणि ठिसूळ होतो. साहेबांचं म्हणणं, फरक मर्यादेत आहे, सोडून दे. पण असा दांडा तुझ्या मांडीत जाऊ देववेना, आणि दुसऱ्या कोणाच्याही.

तीन-चार महिने लागतील. चूक माझी आणि सोसायचं तू. रागव हवं तेवढं, पण लिही.

तुझीच,
ठिणगी


१५ फेब्रुवारी

चि. ठिणगीस अनेक आशीर्वाद.

खोटं कशाला बोलू? चार दिवस तुझं नाव काढलं नाही. बॅग भरलेली, शिवायला आलेले कपडे शेजारणीकडे सोपवलेले, आणि हे तुझं पत्र. काकांनी तुझी बाजू घेतली तर त्यांच्याशीही अबोला धरला.

पाचव्या दिवशी मशीनवर बसले आणि हात थांबला. तुला कधी सांगितलं नाही. एका बाईंच्या कोटाची बाही उलटी लागलेली दिसत असूनही मी तो तसाच दिला होता, त्यांना घाई होती म्हणून. त्या पुन्हा कधी शिवायला आल्या नाहीत. तीस वर्षं झाली, त्या रस्त्यात दिसल्या की मी अजून जवळच्या दुकानात शिरते. तुझ्यावर तशी पाळी यायला नको.

बाकी तुझा तो सगळा भार उचलणारा दांडा वाचून हसू आलं. तुझे काका असेच माझ्या जिवावर विरळ झालेत! सध्या चहाचं खातं त्यांच्याकडे दिलंय. दोनदा दूध उतू गेलं.

दुखतं, नाही असं नाही. पण वॉकर घेऊन काढीन महिने. घाई करू नकोस आणि वेळेवर जेव.

तुझी मावशी


३० मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

झालं! नवे दांडे काल डॉक्टरांकडे गेले. प्रत्येकाचा नाद मी स्वतः ऐकला. मग त्यातले सहा यंत्रात घालून एक कोटी वेळा दाबले, म्हणजे माणसाची दहाएक वर्षांची पावलं. बारा दिवस यंत्र ठकठकत होतं. मी डबाही तिथेच उघडायचे. थांबलं तेव्हा एकालाही चीर नव्हती. भट्टी सांभाळणाऱ्या मामांनी खुर्ची पुढे सरकवली.

त्यानंतर साहेबांनीच जुने दांडे यंत्रात घालायला सांगितलं. तीन अर्ध्या वाटेवरच तुटले. साहेबांनी ते तुकडे हातात घेऊन उलटसुलट पाहिले. मग म्हणाले, की मर्यादा नव्यानं लिहायला घे.

आता तारीख मिळेल. माया आहे तशीच ठेव.

तुझी ठिणगी


८ डिसेंबर

चि. ठिणगीस अनेक आशीर्वाद.

काल सहा महिन्यांची तपासणी झाली. डॉक्टरांनी जूनचा आणि आताचा एक्स-रे शेजारी शेजारी लावले. मला दोन्हीकडे धुकंच दिसत होतं. त्यांनी बोट ठेवून दाखवलं, इथे हाड पुन्हा भरायला लागलंय, दांडा घट्ट आहे. काकांनी तिथेच चष्मा काढून पुसला, मग डोळे पुसले, मग पुन्हा चष्मा.

निघताना डॉक्टरांनी मला थांबवलं. म्हणाले, तुमच्या भाचीनं ऐन वेळी दांडे परत मागवले तेव्हा मी तिला फोनवर वाटेल ते बोललो होतो, ते चुकलं, तिला एवढं कळवा. ही गोष्ट तू मला सांगितलीच नव्हतीस! मी म्हटलं, माफी अशी दुसऱ्याच्या हाती पाठवत नाहीत, स्वतः लिहा. बिचाऱ्यांनी मुकाट्यानं कागद घेतला. सोबत जोडलाय. मी तीनदा वाचला, काकांनी भिंग लावून पाहिला, पण डॉक्टरांचंच अक्षर ते. तुला वाचता आलं तर काय लिहिलंय ते आम्हालाही कळव.

तुझी मावशी