एक जूनची संध्या

छत्रपती संभाजीनगर
दि. १८ मे २०२५

ति. बन्सीदादास,
करुणाचा सविनय जय भीम. वि. वि.

मेघाच्या लग्नाची पत्रिका मिळाली. जीव हरखला, आणि खालची ओळ वाचून डोकंच फिरलं. मेघाच्या नावाखाली संध्याचंही नाव! आठ जूनला, एकाच मांडवात दोघी! फोन केला की तुला ऐकू येत नाय, म्हणून पत्र लिहिते. कागदाला रेंज लागत नाही.

दादा, संध्या सोळा वर्षांची आहे. मी नर्सिंगला होते तेव्हा माझ्याच हातात जन्मली ती. चौदा ऑक्टोबर दोन हजार आठ. आपल्या घरात ही तारीख कुणी विसरतं का रे? कळा देता देता वहिनी म्हणत होती की बघा, लेकरू दीक्षेच्या दिवशीच येणार. ती बिचारी कोरोनात गेली, नाहीतर तुला हे करू दिलं असतं का तिनं?

मी रोज बाळंतिणींच्या वार्डात उभी असते. गालावरचं बाळसं गेलेलं नाही अशा पोरी टेबलावर येतात. अंगात रक्त नाही, हाडं भरलेली नाहीत, कळा सोसवत नाहीत. आणि बाहेर सासू एवढंच विचारते की मुलगा का मुलगी. नुसता संताप होतो. आपल्या घरातली पोर मला तिथं बघायची नाही. मेघाचं लग्न थाटात कर, हळदीला मी दोन दिवस आधी येते. संध्याला माझ्याकडं पाठवून दे, तिला मी अकरावीला घालते.

रागावलास तर रागाव, पण एवढं ऐक. नवरीला आशीर्वाद, धाकटीला पापा.

तुझी भांडखोर बहीण,
करुणा


ता. फुलंब्री
दि. २४ मे २०२५

चि. करुणास,
बन्सीचा जय भीम आणि आशीर्वाद. वि. वि.

पत्र पावलं. शहरात राहून तू लई शहाणी झालीस. इथं येऊन बघ म्हणजे कळल. मेघा सासरी गेल्यावर दिवसभर घरात संध्या एकटी. मी रानात. दहावीनंतर ती फुलंब्रीला कॉलेजला जायची ते तुला ठाऊक आहे. एसटी कधी येती, कधी नाय. काळीपिवळीत पोरं चिकटून बसतात. एक तर घरापर्यंत मागं आला. त्याला कुणी काय बोललं नाय, गावात नाव माझ्याच पोरीचं निघालं. मग मी कॉलेज बंद केलं. आई नसलेल्या पोरीकडं लोक कसे बघतात ते तुला काय सांगू.

विश्वजीत चितेगावला कंपनीत आहे. निर्व्यसनी, एकुलता एक. त्याच्या आईला, मनकर्णाबाईला, हुंडा नको, फक्त सून लवकर पाहिजे. मांडव तोच, जेवण तेच. असं ठिकाण परत येणार हाय का?

आता वयाचं. शाळेच्या दाखल्यावर एक जून दोन हजार सात आहे. एक तारखेला ती अठराची होती, आठला लग्न. कायद्यात बसतं. आणि ही तारीख कुणी घातली? तूच! मेघाची आई कामाला जायची, धाकटीला बघायला कुणी नव्हतं, म्हणून मेघाबरोबर शाळेत बसवायला तूच सुट्टीत येऊन तिला घेऊन गेलीस. गुरुजींना वय वाढवून तूच सांगितलंस. त्यांनी सगळ्या गावाची लिहिली तशी तिचीही एक जून लिहिली. माझीपण एक जूनच आहे. आता सरकारी नोकरीतल्या बाईनं उठून सांगायचं का, की मी खोटं बोलले? तुझं तू बघ.

राग सोडून लग्नाला ये. तुझं लुगडं घेऊन ठेवलंय.

तुझा दादा,
बन्सी


चितेगाव
दि. २ फेब्रुवारी २०२६

ति. आत्यास,
संध्याचा सा. जय भीम. वि. वि.

तू लग्नाला आली नाहीस. मेघाताई लई रडली, मी पण. तू बाबांना पत्र लिहिलं होतं ते मला ठाऊक आहे. मला वाटत होतं तू येशीलच. जाऊ दे. चहात अजून तेवढंच आलं घालतेस का?

आत्या, मला सहावा महिना आहे. फोन ह्यांच्याकडं असतो, म्हणून आरोग्य केंद्राच्या आशाताईंच्या हाती हे पत्र देते. हात एवढे सुजले की साबण लावूनही बांगड्या निघेनात, शेवटी कापून काढल्या. डोकं सारखं ठणकतं, डोळ्यांपुढं काजवे चमकतात. सासूबाई म्हणतात पहिलटकरणीला होतंच असं. आशाताईंनी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. तर सासूबाई म्हणाल्या, तिथं तिची आत्या आहे, ती खरं वय सांगल आणि सगळ्यांना आत घालील. म्हणून नेत नाहीत. आशाताईंच्या वहीत त्यांनी माझं वय एकोणीस लिहायला लावलंय.

डोकं दुखायला कोणती गोळी घेऊ ते कळव. आणि बाहेरून बारावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म कधी निघतो? ह्यांनी हो म्हटलंय, सासूबाईंना अजून सांगितलं नाही.

माझी आठवण काढत जा.

तुझी लाडकी,
संध्या


छत्रपती संभाजीनगर
दि. ९ फेब्रुवारी २०२६

दादास,
जय भीम.

तीर्थरूप लिहायला आज हात धजत नाही.

संध्याचं पत्र मला पाच तारखेला मिळालं. बांगड्या कापल्याचं वाचलं आणि मी ड्यूटी टाकून, गाडी करून चितेगावला निघाले. पोचले तेव्हा तिला झटके सुरू झाले होते आणि मनकर्णाबाई तिला कांदा हुंगवत होत्या. कांदा! मशीनवर रक्तदाब भलताच चढलेला दिसला. त्याच गाडीत घालून तिला माझ्या वार्डात आणली. बाळ गेलं. मुलगा होता, ओंजळीत मावेल एवढा. संध्या वाचली. तीन दिवस तिला शुद्ध नव्हती.

डॉक्टरांनी वय विचारलं. मनकर्णाबाईंनी आधार कार्ड पुढं केलं. मी सांगितलं, सतरा वर्षं आणि पावणेचार महिने. पोलीस जबाब घेऊन गेले. त्यात तुझं नाव आहे, विश्वजीतचं आहे, त्याच्या आईचं आहे. माझंही आहे. शाळेत वय मी वाढवलं हे मीच लिहून दिलं. नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

हे मी मे महिन्यातच करायला पाहिजे होतं. तुझं पत्र वाचून मी मुलांच्या हेल्पलाइनला, दहा अठ्ठ्याण्णवला, फोन लावला होता. पलीकडून बाई हॅलो म्हणाली आणि मी ठेवून दिला. तुला शहाणपण शिकवायला तोंड होतं माझं, स्वतःचं खोटं सांगायला नव्हतं. लग्नाला आले नाही ती रागानं नाही दादा, लाजेनं. आणि तू! पोरीच्या मागं लागलेला तो पोरगा आजही काळीपिवळीत बसत असल. त्याचं कॉलेज कुणी बंद केलं का? त्याला कुणी मांडवात उभं केलं का? त्याच्या पापाची सजा माझ्या संध्याला, आणि वर कायद्यात बसतं म्हणे!

काल ती शुद्धीवर आली. बाळाचं तिला कळलं असावं, तिनं विचारलं नाही. सिस्टर केसपेपर घेऊन आली तशी संध्या घाबरली. माझा पदर ओढून हळूच विचारलं की आत्या, आज वय किती सांगायचं.

दाखल्यावरची तारीख बदलायचा अर्ज मी आणलाय. जन्माच्या वेळची दवाखान्याची चिठ्ठी माझ्याकडं आहे, ती जोडली. चौदा ऑक्टोबर दोन हजार आठ, असं मी माझ्या हातानं लिहिलं. खाली बापाची सही लागते. इथं ये आणि तिच्यासमोर कर.

लुगडं आणू नकोस. पेन आण.

करुणा