तांब्यावरचा लेप

१७ जानेवारी, शुक्रवार

सुलेखा, पिशोरच्या स्टँडवर मी तुला तीनदा विचारलं, ठेचा टाकलास का. टाकला होतास. मीठ घालायचं तेवढं विसरलीस. सून म्हणून घरात आलीस त्या दिवशी उंबऱ्यावरचं माप ओलांडायचंही विसरली होतीस, तेव्हा मला नवल वाटलं नाय. फोन चार्जिंगला लावणं तर तुझ्या गावीच नसतं. म्हणून तुझ्या लेकीनं तोड काढली. अपेक्षानं मला तिचा जुना फोन दिलाय. त्यातल्या चित्रावर अंगठा ठेवायचा अन् बोलायचं. तो लिहून घेतो, तारीख स्वतःच घालतो अन् तुझ्याकडं पाठवतो. तुझा फोन कधीकाळी चालू झालाच तर वाच. जन्मात एक अक्षर गिरवलं नाय, अन् बघ, कडूबाई रोजनिशी लिहिते.

अपेक्षाचा फ्लॅट झकास आहे. गॅसपुढं उभं राहिलं की लांबवर दौलताबादचा किल्ला दिसतो. गेटवर सांडू नावाचा वॉचमन आहे, मिशी मोठी अन् बोलणं त्याहून मोठं. येताजाता वहीत सही पाहिजे म्हणाला. मी म्हटलं, सही नाय बाबा, अंगठा आहे, अन् तो आजवर कुणी खोटा ठरवला नाय. पार्सलच्या शिक्क्याची शाई त्यानं कुरकुरत पुढं केली. असा ठसा उठला, रेघ न् रेघ मोजून घ्यावी. तोही बघत राहिला.

पोरगी वाळून काडी झालीय. एवढं शिकते, पण स्वतःपुरती भाकरी थापत नाय. आता मी आहे. शिवराजला सांग, लासूर स्टेशनच्या बाजारात कांदा विकून झाला की लेकीला एखादा फोन करत जा म्हणावं. बाप आहे तो, व्यापारी नंतर.

१९ जानेवारी, रविवार

आज तिचा विषय समजून घेतला. केसाचे उभे लाखभर काप करायचे. त्यातल्या एका कापाएवढं जे असतं, त्याला नॅनो म्हणतात. मी म्हटलं, एवढंसं शिकायला एवढी मोठी इमारत कशाला, काडेपेटी पुरली असती. लई हसली.

ती एक लेप बनवते. डोळ्याला दिसत नाय, पण ज्याच्यावर बसेल त्याला पाणी, तेल, माती, रोगाचे जंतू, काहीच चिकटत नाय. दवाखान्यातल्या खाटांना लावायचाय. तो प्रयोगशाळेबाहेर न्यायला बंदी आहे, पण आजीला दाखवायला बाईसाहेबांनी चिमूटभर चोरून आणला अन् माझ्या पितळी तांब्याला चढवला. पाण्याचे थेंब त्याच्यावरून मोत्यांसारखे घरंगळतात, मागं ओल राहत नाय. आता आयुष्यात घासायला नको, म्हणाली. घासायचाच नाय, असंही बजावलं. बसलेला लेप गरीब असतो, सुटा झाला की कुठं जाऊन बसेल ते अजून तिच्या सरांनाही ठाऊक नाय. मी व्हय म्हटलं. तू मला म्हणतेस तसं.

२२ जानेवारी, बुधवार

घासला.

रागावू नको. पूजेला तांब्याला गंध लावलं, ते ओघळून पाटावर पडलं. ज्याला देवाचं गंध लागत नाय तो तांब्या ठेवून काय करू? पिशोरची राख डब्यात होतीच. चिंच खालच्या दुकानातून आणली अन् दुपारभर घासत बसले. शेवटी सुटलं काहीतरी. पाण्यावर राखाडी साय धरली. बाजूला करायला बोट लावलं, तर साय सरकली. बोटापासून लांब जायला पाहिजे ना? बोटाकडं आली.

पदराला हात पुसले अन् भाकरी थापायला बसले. पीठ हाताला जराही चिकटलं नाय. म्हटलं, बरंय, हात धुवायचं काम वाचलं. अपेक्षा दोन भाकरी खाऊन प्रयोगशाळेत गेली.

२४ जानेवारी, शुक्रवार

दही लागलं नाय. थंडी आहे म्हणून पातेलं पिठाच्या डब्यात खुपसून ठेवलं होतं. विरजण माझ्या सासूच्या हातचं, तू रोज तेच लावतेस, कधी दगा दिला नाय त्यानं. सकाळी बघते तर दूध जसंच्या तसं. आंबलं नाय, नासलं नाय. विरजण तळाशी खड्यासारखं पडलेलं. परवाची भाजी उघडी राहिली होती, तिला वास नाय, तिच्यावर मुंगी नाय. या घरात काही खराबच होईना, अन् मला ते आवडलं नाय.

अपेक्षा चिडून आली. कॉलेजातलं हजेरीचं यंत्र तिचा अंगठा घेईना. मी तिचा हात खिडकीपाशी उजेडात धरला. सुलेखा, तिच्या अंगठ्यावर रेघा नायत. काचेसारखा सपाट. मग मी तांब्याचं सांगून टाकलं. ती रागावली नाय. रागावली असती तर बरं वाटलं असतं. उद्या सरांना विचारते, एवढंच म्हणाली.

२७ जानेवारी, सोमवार

सरांना विचारलंस का, म्हटलं. तर कुठल्या सरांना, म्हणून मलाच विचारते.

समोरच्या उमाताईंकडं हळदीकुंकू होतं. तिळगूळ खाऊन पोरीला बरं वाटेल म्हणून नेलं. ताईंनी तिच्या कपाळाला कुंकू टेकवलं, ते कोरडंच घसरून खाली ताटात पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. बायका हसल्या, कसली क्रीम लावतेस म्हणाल्या. उमाताई हसल्या नायत. वाण दाराबाहेर आणून दिलं अन् कडी लावून घेतली. आत नळाखाली हात धूत होत्या, लई वेळ. पाणी बंद झाल्याचा आवाज मी ऐकलाच नाय.

अपेक्षा न्हायला गेली. बाहेर आली ती कोरडी. केससुद्धा.

३० जानेवारी, गुरुवार

फोन चार्जिंगला लाव ना गं सुलेखा. कितींदा करू?

जेवते ती, पण अंगाला काही लागत नाय. आज ताटावर बसून तिनं मला विचारलं, माझ्या आईचं नाव काय. सांगितलं. मान हलवली. भाकरी मोडेपर्यंत पुन्हा तेच विचारलं. पुस्तक उघडते, पान वाचते, पुन्हा तेच पान वाचते.

लहानपणी माझा अंगठा मुठीत धरल्याशिवाय ही झोपायची नाय, आठवतं का तुला? दुपारी तिच्या उशाशी बसून अंगठा दिला. तिनं धरला. निसटला. घट्ट धरला, तरी निसटला. मग एकदम उठली अन् मला भिंतीवर ढकललं. कोण तू, म्हणाली. माझ्या खोलीत तुला कुणी घेतलं. डोळ्यांत माया तर नायच, राग पण नाय — नुसतं चकचकीत.

माझ्या अंगठ्यावरच्या रेघा पुसट झाल्यात.

१ फेब्रुवारी, शनिवार

गोड बोलून तिला खाली आणलं. पिशोरची गाडी धरायची, तुझ्या हातात द्यायची, मग बघू म्हटलं. सांडूनं वही आडवी घातली. मी अंगठा शाईत बुडवला. शाईची गोळी होऊन खाली पडली. कागद कोरा. म्हातारे नाटकं करते का, म्हणून खेकसला. माझा अंगठा पिरगाळून शाईत दाबला, कागदावर दाबला, पुन्हा दाबला. काही नाय. ठशाशिवाय सोडत नाय म्हणाला. अपेक्षा त्याच्याच बाजूनं — ही बाई मला पळवतेय, असं —

गाडी गेली.

२ फेब्रुवारी, रविवार

सांडूला बघून आले. काल त्याची बोटं शाईनं बरबटली होती. आज स्वच्छ. रेघाही स्वच्छ.

गेट सताड उघडं. तो वही धरून उभा. त्याची बायको डबा घेऊन आली होती. तिला म्हणतो, सही कर, कोण तू. ती रडत होती — त्याचा हात हातात घेऊन रडत होती — मी ओरडले, हात सोड, बाई, हात सोड —

चिमूटभरच होता तो लेप. पिशोरला किती हात आहेत, सुलेखा? मातीला पाणी लागलं नाय तर — वासराच्या तोंडाला आचळ —

नाय. पोरीला आणत नाय. मीही येत नाय.

३ फेब्रुवारी, सोमवार

फोन अंगठा घेत नाय. नाकानं दाबते.

दार आतून लावलं. ती भिंतीकडं तोंड करून. डोळ्यांतून पाणी येतं, गालाला लागत नाय, सरळ खाली —

सासूचं नाव आठवत नाय. माझ्या. लिहिता येत नाय ना मला — सगळं डोक्यातच होतं. सुलेखा. सुलेखा. म्हणत राहते, म्हणजे —

४ फेब्रुवारी, मंगळवार

जिभेनं दाबते. वाच लवकर.

इथं कुणी यायचं नाय. पोरीच्या बापालाही — त्याला सांग —

ती आली जवळ. अंगठा धरला. सुटला नाय. मी ओढला तरी — लेपाला लेप लागतो वाटतं. फक्त लेपाला. झोपलीय आता, लहानपणी झोपायची तशी. मी हलत नाय.

विरजण पाठव. मातीच्या कोऱ्या बोळक्यात. लागलं तर — अन् ठेचा. जिभेला चवच लागत नाय, तिखट कर. गेटबाहेर ठेवायला सांग. लांबून. कुणाला हात लावू —

अन् बाई, तू जी कोण असशील ती, मीठ घालायला तेवढं वि