आतून लावलेला पडदा

प्रिय झोपाळ्या,

तुला आता वाचता येतंय, फक्त डोळे लवकर थकतात, असं वहिनी म्हणाली. तेव्हा दमानं वाच. फोनवर माझी बडबड तू निम्म्यात तोडतोस, आणि ही गोष्ट मला शेवटपर्यंत सांगायची आहे.

त्या दुपारी तू चहाला उठला नाहीस. मी ट्रक बाजूला लावून हाका मारल्या, मग सीटमागच्या तुझ्या झोपायच्या बर्थचा पडदा ओढला. नेहमीसारखी तू आतून टिचबटणं लावली होतीस. ती तटातटा सुटली, एक तर कापडासकट फाटून आलं. आत तू उताणा, डोळे अर्धवट उघडे. कितीही हलवलं तरी हूं नाही की चूं नाही. मेंदूतला रक्तस्राव, ऑपरेशन, आणि नंतरची तुझी ती न संपणारी झोप, हे सगळं वहिनीनं सांगितलंच असेल.

मालकानं गाडी यार्डात उभी केली. माझ्या हातांना चैन पडेना, म्हणून मी पडदाच काढला. तू तो जन्मात धुतला नव्हतास, हात मात्र त्यालाच पुसायचास! कोमट साबणाच्या पाण्यात बुडवला आणि न पिळता सावलीत वाळत टाकला. पिळला की आतलं काळं अस्तर तडकतं. पडदा सरकतो त्या वरच्या पन्हळीतली माती जुन्या टूथब्रशनं काढली, त्यातली अडकणारी बारकी चाकं पुसून बसवली. तेल लावलं नाही, त्याला धूळ चिकटते. फाटलेल्या जागी ठिगळ लावून नवं टिचबटण शिवलं. पडदा असा सरकायला लागला, की नुसतं बोट लावावं. तो पूर्ण उघडा ठेवला, पट्ट्यानं बांधला आणि जेवायला गेलो.

परत येऊन बघतो तर पडदा बंद. म्हटलं, पट्टा सुटला असेल. उघडायला गेलो, तर टिचबटणं लागलेली. ती फक्त आतूनच लावता येतात, हे तुला मी काय सांगायचं? आणि आतून श्वास ऐकू येत होता. तुझाच, शेवटी बारीक शिट्टी वाजवणारा. मी पडदा ओढला. आत कोणी नव्हतं. गादी मात्र कोमट होती.

फिटरला बोलावलं. "गाडी उतारावर उभी आहे, बाकी काही नाही," तो म्हणाला. "उतार बटणं पण लावतो का रे?" असं मी विचारलं, तेवढ्यात आत कोणीतरी कूस बदलली. फिटर पाना तिथेच टाकून पळाला. नंतर पडदा पुन्हा आपोआप लागला, तेव्हा मी तो उघडलाच नाही. रोज जाऊन पुढच्या सीटवर बसायचो, तुझ्याशी बोलायचो. अंगावर काटा यायचा, पण तो श्वास चालू आहे तोवर तू आहेस, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

मग एका सकाळी माझ्या डोळ्यांदेखत टिचबटणं एकेक करून सुटली आणि पडदा सावकाश बाजूला झाला. आत सामसूम. श्वासही थांबलेला. वहिनीचा फोन आला, तर तो उचलायची हिंमत होईना; शेवटी उचलला. ती रडत होती आणि हसतही होती. "भाऊजी, हे उठले! आणि पहिलं काय विचारलं असेल? पडदा कोणी उघडला म्हणून!" सगळ्यांना वाटलं, तू भ्रमात आहेस. गाडीतच बसून ढसाढसा रडलो.

एवढ्यावर भागलं असतं, तर हे मी तुला कधीतरी चहा पिताना हसत सांगितलं असतं. पण तू मालकाला फोन करून आपलीच गाडी परत मागितलीस, असं कळलं. म्हणून आज ती झाडायला गेलो. पडदा बंद होता, टिचबटणं आतून लावलेली. मी तिथूनच वहिनीला फोन केला. तू तिच्यासमोर बसून जेवत होतास, भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुरत होतास. आणि इथे आत कोणीतरी श्वास घेत होतं. तुझा नव्हे तो. संथ, जड, कोणाची तरी वाट बघणाऱ्याचा. मी पडद्याला हात लावला नाही. किल्ली मालकाच्या टेबलावर ठेवली आणि आपल्या दोघांसाठी दुसरी गाडी मागितली. तो कारण विचारील, तर तूही सांगू नकोस. तुझी चादर आतच राहिली आहे. ती आणायला जाऊ नकोस.

तुझाच,
बडबड्या