मागच्या चाकाचा ब्रेक

घर वडिलांनी दिले आणि ठेव बँकेत आहे. म्हणून जे खरोखर माझे, म्हणजे मी माझ्या हाताने केलेले, ते आधी लिहितो.

मागच्या दाराचा लोखंडी जिना, चौदा पायऱ्या, एकीची उंची दुसरीपेक्षा सुताभरही कमी-जास्त नाही. मुलगी पूर्वी हिच्यासाठी केलेला पाळणा, लूमच्या म्हणजे यंत्रमागाच्या बेअरिंगवर टांगलेला, कधी कुरकुरला नाही. स्वयंपाकघरातली धूर ओढणारी चिमणी. गच्चीवरच्या टाकीचा आपोआप बंद होणारा कॉक, जो करायला प्लंबरने नाही म्हटले होते. शेजारच्या सीताबाईंची चालती खुर्ची, जिची चाके मी दोनदा बदलून दिली. आणि १९८१ सालची बुलेट मोटारसायकल. भंगारातून नुसता सांगाडा आणि अडकलेले इंजिन आणून ती मी दोन वर्षे आठ महिन्यांत उभी केली. त्याआधी मी मोटारसायकलचे इंजिन कधी उघडलेले नव्हते. कोणाकडे शिकलोही नाही.

मी, केसरीनाथ पदू तरे, वय वर्षे ५४, व्यवसाय यंत्रमाग फिटर, राहणार कामतघर, भिवंडी, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. शरीर कुरकुर करते आहे, पण डोके जागेवर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, धाक दाखवलेला नाही, आणि दारू मी वडिलांच्या तेराव्यापासून घेतलेली नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. मृत्युपत्राची व्यवस्था पाहण्याचा अधिकार पत्नी कमळ हिला देतो. घरातल्या सगळ्या किल्ल्या आजही तिच्याच हातात आहेत, त्यामुळे नवीन काही शिकावे लागणार नाही.

कलम १. कामतघर येथील राहत्या घराचा तळमजला पत्नी कमळ हिचा. वरचा मजला कन्या पूर्वी हिचा, तिचे लग्न होवो अथवा न होवो. "मुलीला घर कशाला" असे म्हणणाऱ्या भावकीतल्या मंडळींनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

कलम २. बँकेतली ठेव आणि पोस्टातले खाते संपूर्णपणे कमळचे. त्यातून माझ्या दिवसकार्याला गावजेवण घालू नये. ज्यांना माझ्याविषयी वाईट वाटेल ते घरून जेवून येतील.

कलम ३. हत्यारे. मिलिमीटरचे पाने, ड्रिल मशीन आणि व्हाइस पूर्वीला. इंची पान्यांचा संच, एकूण एकोणीस नग, लेथवाले मुस्तकीम अन्सारी यांना. या पान्यांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण पुढचे सगळे तिथून सुरू होते.

आमचे जुने लूम इंची आट्यांचे. बोल्ट इंची, नट इंची, पाने इंची. मी बुलेटचा पहिला नट सोडवायला बसलो तेव्हा मिलिमीटरचा एकही पाना नीट बसेना. मग सहज लूमचा पाना लावला. टक्कन बसला. पुढचा लावला, तोही बसला. त्या दिवशी मी हसत घरात गेलो आणि कमळला म्हटले की ही गाडी म्हणजे दोन चाकांवरचा लूमच आहे. ती म्हणाली, "मग साडी कधी निघते तिच्यातून?" मी त्या विनोदाकडे लक्ष दिले नाही. पाना बसला म्हणून मला वाटले, माझे सगळेच ज्ञान इथे बसते. मोठी चूक तिथे झाली. बाकीच्या चुका तिची पिल्ले.

कलम ४. कल्याण नाक्याजवळ बुलेटचे काम करणारे एक मेकॅनिक आहेत. नाव लिहीत नाही, त्यांना ते कळेल. इंजिन अडकलेले पाहून ते चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले होते, "मिस्त्री, तुम्ही लूमच बघा. हे तुमच्या बापाच्यानं पण उघडणार नाही." ते इंजिन मी सतरा दिवस रॉकेल आणि गिअर ऑइल पाजून, लाकडी ठोकळ्यावर हलक्या हाताने ठोकून उघडले. त्यातला जुना पिस्टन मी धुऊन, कापडात गुंडाळून कपाटात ठेवला आहे. तो त्यांना माझ्यातर्फे भेट द्यावा. त्यांच्या चार गिऱ्हाइकांसमोर द्यावा. पावती घ्यावी.

कलम ५. मोटारसायकल. हे कलम लिहायला मी तीन वेळा बसलो आणि तीन वेळा उठलो.

गाडी चाळीस हजारांत उभी करीन असे मी गल्लीत जाहीर केले होते. कोणी विचारले नव्हते, मीच सांगत सुटलो होतो. टाकीचे पोचे मी स्वतः काढले, वायरिंग स्वतः केले, सीट टेम्पोच्या सीटवाल्याकडून शिवून घेतली. शेवटी फक्त मागच्या ब्रेकचे लायनर राहिले, आणि त्या चाळीस हजारांच्या हिशेबाच्या वहीत दोनशे दहा रुपये उरले होते. लायनर साडेचारशेचे. खिशात पैसे नव्हते असे नाही. वहीत नव्हते.

लूम थांबवायच्या ब्रेकला आम्ही चामड्याची पट्टी लावतो. वर्षानुवर्षे चालते. कारखान्यात चांगल्या जाड पट्ट्या पडल्या होत्या. मी त्यांतली एक कापून, तांब्याचे रिबेट मारून, मागच्या ब्रेकला बसवली. मुस्तकीमभाईंनी ड्रम घासून देताना ती पाहिली. ते म्हणाले, "मिस्त्री, चमडा पानी पीता है." मी म्हटले, माझा लूम चाळीस वर्षे हेच चामडे धरतो. ते म्हणाले, "लूम छत के नीचे रहता है." मी त्यांच्या हातातून ड्रम घेतला आणि निघून आलो.

२०२३ च्या दसऱ्याला गाडीची पूजा करायला मी आणि माझा धाकटा भाऊ मनोज वज्रेश्वरीला गेलो. गाडी पहिल्यांदाच गावाबाहेर पडली होती. जाताना ब्रेक उत्तम लागले. गाडी धुतल्याशिवाय देवीपुढे उभी करायची नाही, ही आमच्याकडची रीत. मनोज म्हणाला, साध्या पाण्याने कशाला, अकलोलीच्या गरम कुंडाचे घेऊ. दोन बादल्या कढत पाणी आणले. मी स्वतः ते मागच्या चाकावर ओतले, चाक फिरवून फिरवून, आरे चमकेपर्यंत. हार घातला, नारळ फोडला, निघालो.

अंबाडीच्या अलीकडे वळणाचा उतार आहे. समोर खडीचा डंपर थांबला होता. मी मागचा ब्रेक दाबला. पाय खाली गेला आणि चाक फिरतच राहिले, साबणाच्या वडीवर पाय पडावा तसे. मी पुढचा ब्रेक आवळला. रस्त्यावर खडी सांडलेली होती. पुढचे चाक निसटले, गाडी उजवीकडे पडली आणि मनोजचा उजवा पाय सायलेन्सरखाली गेला. मला खरचटले. त्याच्या पायाला दोन ठिकाणी मोड आणि सायलेन्सरचा भाजलेला डाग.

लोक जमले. कोणीतरी विचारले, काय झाले. तेव्हा मी जे बोललो ते शब्दशः लिहितो: "मागे बसायची अक्कल नाही याला. वळणावर हलला." मनोज शुद्धीवर होता. त्याने ऐकले.

कलम ६. धाकटे बंधू मनोज पदू तरे यांच्याविषयी.

मनोज तेव्हा टेम्पो चालवायचा. पायात सळई आहे, क्लच दाबता येतो पण ब्रेकवर जोर येत नाही. आता तो एका गोदामाच्या गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिहितो. दवाखान्यातून आल्यावर आठव्या दिवशी त्याने मला बोलावून घेतले. मला वाटले शिव्या देईल. मी तयारीने गेलो होतो. तो माझा हात धरून म्हणाला, "दादूस, मीच हाललो रं मागं. माझ्यामुलं तुझी गारी परली."

मी म्हटले, जाऊ दे. मी त्याला माफ केले. होय, मी त्याला माफ केले, आणि त्याच्या घरचा चहा पिऊन आलो.

तेव्हापासून प्रत्येक गणपतीत, प्रत्येक लग्नात तो चार माणसांत सांगतो की दादूसची गाडी माझ्यामुळे पडली. मी जवळ बसलेला असतो. गाडी मी महिन्याभरात पुन्हा सरळ केली, रंग दिला. मागचे चाक उघडले नाही. कोरड्यात ब्रेक धरत होता, त्यामुळे मीही स्वतःला पटवले की मनोजच हलला असणार.

गेल्या वर्षी मे महिन्यात कारखाना बंद असताना मी गाडी मागच्या आवारात नेली. दोन बादल्या पाणी कढवले, मागच्या चाकावर ओतले, चाक तसेच फिरवून फिरवून. मग पहिल्या गिअरमध्ये भिंतीकडे नेली आणि मागचाच ब्रेक दाबला. गाडी भिंतीला लागली. चाक वाळवले, पुन्हा पाणी ओतले, पुन्हा लागली. चार वेळा केले. पाचव्यांदा करायची गरज नव्हती. त्या दिवसानंतर मी ती चालवलेली नाही.

चाक तेव्हाच का उघडले नाही, असे कोणी विचारेल. उघडून नवीन लायनर बसवला असता तर जुने चामडे हातात आले असते, आणि ते हातात घेऊन मनोजच्या दारात जावे लागले असते. म्हणून उघडले नाही.

कलम ७. हे कलम माझ्या मृत्यूची वाट न पाहता अमलात आणावे. ज्यांना मसुदा दाखवला त्या वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्र जिवंतपणी लागू होत नाही. मी म्हटले, बाई, उतारावरचा ब्रेकही तेवढी वाट बघणार नाही. म्हणून हे कलम मृत्युपत्रातही राहील आणि त्याची वेगळी प्रतही निघेल.

कारण असे. परवा पूर्वी स्वयंपाकघरात आईला सांगत होती. मी बाहेर ओट्यावर होतो. ती म्हणाली, "मी नवस बोलले आहे. पप्पा ऑपरेशनमधून बाहेर आले की त्याच दिवशी त्यांचीच बुलेट घेऊन वज्रेश्वरीला जाणार. कुंडाच्या पाण्याने तशीच धुणार, त्यांनी धुतली होती तशी." कमळ म्हणाली, किक तरी बसते का तुझी? पूर्वी म्हणाली, बसते, गेल्या रविवारी तुम्ही बाजारात होता तेव्हा बसली.

मी आत जाऊन बोलायला हवे होते. दारापर्यंत गेलो आणि पाणी मागून परत आलो.

संध्याकाळी चाक उतरवायला बसलो. स्टँड लावतानाच छातीत कळ आली आणि पाना हातातून पडला. डॉक्टरांनी बादलीसुद्धा उचलू नका म्हणून बजावले आहे. शेवटी गाडी सुरू होऊ नये म्हणून फक्त स्पार्क प्लग काढून खिशात ठेवला. पण प्लग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, आणि पूर्वीला तो बसवता येतो. मीच शिकवले.

तेव्हा कमळ, पूर्वी आणि मनोज यांना लेखी सूचना देतो की:

मागच्या चाकातले चामडे काढून नवीन लायनर बसवल्याशिवाय ही गाडी कोणीही सुरू करू नये. नवस देवीचा आहे, देवी थांबेल. काम फक्त मुस्तकीमभाईंनी करावे. त्यांना दोन वर्षे सगळे ठाऊक होते. एकदा मी रागाने विचारले की कोणाला बोलला नाहीत ना, तर ते म्हणाले, "बोलना तो आपको है, मिस्त्री." नंतर ते दर शुक्रवारी येऊन चहा पीत राहिले आणि तो विषय पुन्हा काढला नाही. लायनर बसल्यावर मागच्या चाकावर दोन बादल्या कढत पाणी ओतावे आणि आवारात दहा वेळा ब्रेक मारून पाहावा. दहा म्हणजे दहा. नऊ वेळा लागला आणि एकदा घसरला तर पुन्हा उघडावे. त्या वेळी मनोज समोर खुर्चीवर बसलेला असावा, आणि निघालेले चामडे त्याच्या हातात द्यावे.

या कलमाची प्रत मी स्वतः बुधवारी सकाळी, दवाखान्यात दाखल होण्याआधी, मनोजच्या घरी जाऊन त्याला देणार आहे. तो वाचून होईपर्यंत मी तिथे बसणार आहे. माझा पाय त्या दारात अडला, तर दुसरी प्रत मुस्तकीमभाईंकडे पाकिटात आहे. दुपारी बारापर्यंत माझा फोन आला नाही तर ती त्यांनी न्यावी.

मोटारसायकल मी मनोजला देतो. ठेवावी, विकावी, भंगारात घालावी, त्याची मर्जी. पूर्वीला चालवायची असेल तर तिने काकाला विचारावे. "नाही" म्हणाला तर तिने माझ्या नावाने त्याच्याशी भांडू नये.

मनोज, तू हलला नव्हतास.

कलम ८. गाडीच्या किमतीविषयी, म्हणजे पुढे कोणी म्हणू नये की मी लपवले. या वर्षी जानेवारीत पुण्याहून एक गृहस्थ गाडी पाहायला आले. जुन्या गाड्या जमवतात. तास-दीड तास त्यांनी एकेक वेल्डिंग बोटाने तपासले, आणि म्हणाले की हे काम शिकलेल्या माणसाचे वाटते. मी म्हटले, शिकलेल्या नाही, शिकत गेलेल्या माणसाचे. मग त्यांनी आकडा सांगितला. कमळ चहा घेऊन दारातच उभी राहिली. मी नाही म्हटले. तिला आजही वाटते की मी गर्वाने नाही म्हटले, आणि मी तिला तसे वाटू दिले. खरे असे आहे की त्यांनी कागद पुढे केला होता. त्यावर फक्त एक ओळ माझ्या सहीने हवी होती: दोन्ही ब्रेक मी स्वतः तपासले असून ते सुस्थितीत आहेत. पेन माझ्या हातात होते. मी ते परत दिले आणि म्हटले, गाडी विकायची नाही. त्यांनी देऊ केलेली रक्कम होती रुपये एक लाख पंच्याऐंशी हजार, अक्षरी तेवढेच, रोख.

लिहून देणार: केसरीनाथ पदू तरे (सही)

आमच्यासमोर श्री. तरे यांनी हा कागद स्वतः मोठ्याने वाचून सही केली. कलम सहा वाचताना ते दोनदा थांबले, पण एकही शब्द गाळला नाही.

साक्षीदार १: भाविक हरिश्चंद्र केणी, राहणार कामतघर (सही)

साक्षीदार २: रघू चांगो भोईर, राहणार अंबाडी (सही)

ठिकाण: भिवंडी, जिल्हा ठाणे
दिनांक: १० नोव्हेंबर २०२५, सोमवार