उभ्याने बातमी, बसून मत

सोमवार, ४ नोव्हेंबर १९५७

आजपासून चावडीवर वाचायची पद्धत बदलली. बातमी उभ्याने वाचायची, मत बसून.

हे सोनाबाईमुळे झालं. ती दिवसभर नदीपलीकडे मुंबई रस्त्यावर पेरू विकते आणि घरी जाता जाता चावडीच्या पायरीवर टेकते. काल मी अग्रलेख वाचत होतो. मध्येच म्हणाली, "सदा, आरं ह्ये झालंया, का त्या लिवणाऱ्याला वाटतंय?" सगळे हसले. खरंच, माझा आवाज दोन्हीला एकच असतो. तेच डोक्यात राहिलं.

थेरगावात दोन पत्रं येतात. एक सरकार पक्षाचं, कागद मोठा, म्हणून ते थोरलं. दुसरं भाषिक राज्याच्या चळवळीचं, ते धाकटं. खरी नावं इथे लिहीत नाही. वही कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. थोरलं सुरू झालं की धाकट्याची माणसं तंबाखू मळायला लागतात. धाकटं सुरू झालं की थोरल्याची माणसं.

माझं शिक्षण मराठी पाचवीपर्यंत. पण उच्चार स्पष्ट म्हणून सरपंच तात्यांनी हे काम दिलं आहे. ते नीट व्हायला हवं.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

पद्धत चालली. पहिलं पान उभ्याने, अग्रलेख आणि वाचकांची पत्रं बसून. तात्या म्हणाले, "शाळेत कमी पडल्या म्हणून आता उठाबशा काढतोस काय रे?" अमीरभाई मागून म्हणाले, "काढू दे तात्या. दुकानात दिवसभर पंक्चरीवर वाकलेला असतो, पाठ सरळ होईल."

अमीरभाई माझे मालक. त्यांचं सायकलचं दुकान मुंबई रस्त्याच्या कडेला, बाटल्यांच्या नव्या कारखान्याच्या फाटकासमोर. जागा सरकारी, परवान्यावर. राहायला आमच्याच आळीत. मला पाना धरायला त्यांनीच शिकवलं.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

सकाळीच आळंदीला गेलो. तिथल्या एका धर्मशाळेच्या दोन सायकली दुरुस्त झाल्या होत्या. एकीवर बसून दुसरी हाताने धरून न्यायची, म्हणून वेळ लागला. परत आलो तेव्हा दुपार टळली होती.

कारखान्यात आज भरती होती. गर्दी वाढली, फाटक आतून लावलं, मग दगड. पहारेकऱ्याचं डोकं फुटलं. पोलीस आले तोवर रस्ता रिकामा. मी पोचलो तर अमीरभाई दुकानासमोरच्या काचा झाडत होते.

"काय झालं?"

"झालं ते झालं. पहारेकरी शुद्धीवर आहे. पंप कुठं ठेवलास तू?"

पंप खुंटीलाच होता. त्यांना दिसला नाही.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

वाईट झालं.

आधी धाकटं वाचलं. पहिल्या पानावर: भूमिपुत्रांवर अमानुष लाठीमार. लोक एकमेकांकडे बघायला लागले. काल तिथे असलेला एक जण म्हणाला, "लाठी? पोलीस आलं तवा आमी घरी जेवत होतो." तरी चार जणांनी सरकारचा धिक्कार केला.

मग थोरलं. तेही पहिलं पान. मी उभा. जाड अक्षरात: गुंडांचा धुडगूस. खाली: "फाटकासमोरील सायकल दुकानातून दगड पुरविले गेल्याचे समजते." वाक्य संपलं तेव्हा मला ते कळलं. वाचताना मी पुढच्या शब्दाकडे बघत होतो.

अमीरभाई तिसऱ्या ओळीत होते. आधी कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही. मग सगळ्यांनी बघितलं. ते उठले, चपला घातल्या आणि गेले.

पहिल्या पानावर आहे म्हणून ती बातमी, असं मी धरून चाललो होतो. माझ्या तोंडून, उभ्याने, सगळ्या गावासमोर. आता ते वाक्य परत घ्यायचं कसं?

शनिवार, ९ नोव्हेंबर

फौजदार आले. दुकान चौकशी होईपर्यंत बंद. कुलूप लावून किल्ली घेऊन गेले. परवाना रद्द होऊ शकतो असं सांगितलं. अमीरभाईंनी विचारलं, "साहेब, तक्रार कुणाची?" फौजदार म्हणाले, "पेपरात आलंय ना." दुसरं काही नाही.

भाड्याच्या सहा सायकली आत अडकल्या. परवाना गेला तर अमीरभाईंनी या वयात दुसरीकडे दुकान मांडायचं म्हणजे काय. माझं राहू दे.

रविवार, १० नोव्हेंबर

वाचन झालंच नाही. ओट्यावर भांडण. धाकट्याची माणसं म्हणाली, सरकारने थोरलं बंद करावं. थोरल्याची म्हणाली, धाकटं बंद करावं. तात्या म्हणाले, "दोन्ही बंद करा. आन् ह्या सदाचं वाचनबी. त्याआधी गाव सुखी होतं."

"त्याआधी गावाला कायबी ठावं नव्हतं," सोनाबाई म्हणाली.

"ठावं नव्हतं म्हणूनच म्हणतो."

मी घरी येऊन विचार केला. बंद करणं सोपं. पण धाकटं बंद झालं तर लाठी झालीच नाही हे कुणी सांगणार नाही, उलट झाली म्हणूनच बंद केलं असं म्हणतील. थोरलं बंद झालं तर दगडाचं वाक्य तसंच राहील, शेवटचं वाक्य म्हणून. मत असायला माझी हरकत नाही. कुणी खुशाल म्हणावं, भरतीत अन्याय झाला. कुणी म्हणावं, दंगा करणारे चूक. पण मताने बातमीची टोपी घालून येऊ नये. आणि आलंच तर ती टोपी काढायला कुणीतरी असावं. ते कुणी, सरकारने की आणखी कुणी, हे अजून कळत नाही.

उद्या मामलेदार येणार आहेत. मी बोलणार. काय बोलायचं ते तीनदा म्हणून पाहिलं.

सोमवार, ११ नोव्हेंबर

मामलेदार चावडीवर आले. उंच, खोकत होते, पण ऐकून घेणारे. तात्यांनी वाचन बंद करण्याचं काढलं. ते म्हणाले, "बंद करू नका. लोक काय ऐकतात तेच मग मला कळणार नाही."

मी पुढे गेलो. म्हणालो, "साहेब, अमीरभाईंनी दगड दिले नाहीत."

"तू तिथं होतास?"

"नाही. आळंदीला गेलो होतो. पण मी त्यांच्याकडे कामाला आहे, ते असं करणार नाहीत."

"म्हणजे हे तुझं मत."

लोक हसले नाहीत. मला ते हसले असते तर बरं वाटलं असतं.

मग त्यांनीच विचारलं, "बरं, सरकारनं त्या पत्राचं काय करावं? सांग." मी म्हणालो, बंद करू नये, पण चुकीचं छापलं असेल तर त्याच पानावर, त्याच अक्षरात दुरुस्ती छापायला लावावी. ते म्हणाले, "चुकीचं कोणतं ते ठरवणार कोण? मी? उद्या माझ्या जागी दुसरा आला, त्याला ते दुसरं पत्र आवडत नसलं, तर?"

मला उत्तर आलं नाही. अजूनही आलेलं नाही. पण त्यांनाही येत नव्हतं, हे मला दिसलं.

जाताना म्हणाले, "पुढच्या सोमवारी अकरा वाजता पुण्याला कचेरीत चौकशी. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांना घेऊन ये. मतांचा ढीग माझ्याकडे आहे."

मंगळवार, १२ नोव्हेंबर

तात्यांनी बाजूला घेतलं. "एवढं काय त्यात? म्हण की मी दुकानात होतो, सगळं बघितलं. आळंदीचं कोण विचारतंय?" घरी आईपण तेच म्हणाली. एक वाक्य बोलल्याने माझी जीभ झडणार नाही असं तिचं म्हणणं.

अमीरभाईंना विचारायला गेलो, कारण दुकान त्यांचं. ते खाटेवर बसून सुतळी सोडवत होते. उगीचच, ती कशालाच लागत नव्हती. मग म्हणाले, "तू बोललास तर मी नको म्हणणार नाही, सदा. खोटं कशाला बोलू."

मी बोलणार नाही. हे त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि सुतळीकडे वळले. चहा विचारला नाही. त्या घरात असं कधी झालं नव्हतं.

पण पाहिलेली माणसं मी आणणार. ती आहेत. रस्ता भरलेला होता.

बुधवार, १३ नोव्हेंबर

पद्धत पुन्हा बदलली. पानावर जायचं नाही. कुणी पाहिलं हे लिहिलेलं असेल तरच उठायचं.

आज जवळजवळ बसूनच होतो. दोन्ही पत्रं संपत आली तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "अरे उठ की राव, पायाला मुंग्या आल्या काय?" शेवटी एकदा उठलो. पुलाच्या कठड्यावर बैलगाडी आदळली, गाडीवानाने स्वतः सांगितलं होतं. टाळ्या पडल्या.

सकाळी सोळा घरं फिरलो. रविवारी जे सर्वांत मोठ्याने बोलत होते त्यांच्याकडे आधी गेलो. एक त्या दिवशी शेतावर होता. एक सासुरवाडीला. एक म्हणाला, "मी होतो, पर माझी पाठ होती तिकडं." सगळ्यांची पाठ होती.

सोनाबाई लगेच हो म्हणाली. "पळापळ झाली तवा अमीरभाईनं माझी पाटी दुकानात घेतली आन् फळ्या लावल्या. मीबी आतच. भायेर काय झालं ते मला दिसलं न्हाई. दिसलं तेवढं सांगीन. न दिसलेलं मामलेदाराच्या बापालाबी सांगायची न्हाई."

म्हणजे अमीरभाई आत होते हे सिद्ध. पण दगड कुठून आले?

गुरुवार, १४ नोव्हेंबर

सरकारचा खुलासा थोरल्यात आला. चौथ्या पानावर, हरवलेल्या म्हशीच्या जाहिरातीखाली, बारीक अक्षरात: दुकानासंबंधीचे वृत्त अद्याप चौकशीखाली आहे. तो वाचायला मला कागद डोळ्याशी धरावा लागला. मी उभ्याने, होता होईल तेवढ्या मोठ्याने, दोनदा वाचला.

तात्या म्हणाले, "म्हशीचंबी वाच एकदा, तिला तरी कुणी पाहिली असंल."

मामलेदारांच्या प्रश्नावर विचार चालू आहे. खोटं कोणतं ते सरकारने एकट्याने ठरवू नये, हे त्यांचं पटतं. पण सरकारला स्वतःला जे माहीत आहे ते त्याने त्याच दिवशी सांगावं. फौजदार गुरुवारी तिथे होते. लाठी चालवली नाही हे ते त्याच संध्याकाळी चावडीवर सांगू शकले असते. दगड कुठले ते बघू शकले असते. तसं न करता शनिवारी पेपर वाचून कुलूप घेऊन आले. म्हणजे सरकारसुद्धा मतावरच चाललं.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

माणूस सापडला. गोविंद. बीडकडचा, पिंपळे गुरवला भाड्याच्या खोलीत राहतो. त्या दिवशी भरतीच्या रांगेत पुढे होता. मला सायकलवर बसवून चहाला घेऊन गेला, स्वतःच सांगितलं.

"मी बघितलंय की. रस्त्याच्या कामाची खडी पडली होती ना फाटकाच्या अंगाला? तिथूनच उचलली पोरांनी. तुमच्या दुकानाच्या फळ्या तर कवाच बंद."

मी म्हणालो, सोमवारी एवढंच सांगायचं. त्याने कप खाली ठेवला.

"भाऊ, मला घेतलं ना त्यांनी. त्याच कारखान्यात. कालपासून पाळीवर जातोय."

"कारखान्याविरुद्ध काहीच बोलायचं नाही."

"तुमी म्हणता तसं. पर मुकादम म्हणंल, रांगेत तू होतास, पोरं कोन ते सांग. मग? गावाकडं मायला पैसे धाडायचं कबूल केलंय मी."

मला रागवायला काहीच नव्हतं. चहाचे पैसे त्यानेच दिले. निघताना म्हणाला, "बघतो."

शनिवार, १६ नोव्हेंबर

खडीचा ढीग बघून आलो. एका बाजूने खचलेला आहे. पण तो कामगारांनी नेल्यामुळेही खचू शकतो. ढिगावरून मी काहीच सांगू शकत नाही.

अमीरभाई वाचनाला आले. आठवड्यात पहिल्यांदा. मागे उभे राहिले, बसले नाहीत. जाताना म्हणाले, "सोमवारी गाडी किती वाजता?" सांगितलं. "मी येईन. तू डबा आणू नकोस, घरून दोघांचा आणतो."

रविवार, १७ नोव्हेंबर

पुन्हा पिंपळे गुरव. गोविंद खोलीवर नव्हता. शेजारणीकडे निरोप ठेवला: रात्रपाळी सुटली की सरळ थांब्यावर ये, गाडी नऊची. दगड उचलणाऱ्या पोरांची नावं सांगू नकोस, कुणी विचारलं तर माहीत नाही म्हण, आणि खरंच माहीत नसतील तरच म्हण. शेजारण म्हणाली, "एवढं सगळं मी कसं ध्यानात ठेवू?" तिच्याकडून दोनदा म्हणून घेतलं.

तो आला नाही तरी मी जाणार. सोनाबाईचं सांगणं आहे, ते अर्धं असलं तरी पाहिलेलं आहे. परवाना वाचला तर ठीक. नाहीतर वर अर्ज करू, त्याच्या वर करू. आणि चावडीवरचं वाचन सोडणार नाही. ते वाक्य मी जेवढ्या लोकांसमोर वाचलं तेवढ्यांसमोर निकाल वाचायचा आहे, कसाही लागो.

सोमवार, १८ नोव्हेंबर

गाडीत खिडकीशी बसून पेन्सिलीने लिहितो. अक्षर हलतं आहे, कारण यंत्र चालू आहे. गाडी अजून थांब्यावरच.

अमीरभाई शेजारी, इस्त्रीचा सदरा, मांडीवर डबा. नऊ वाजून गेले. गोविंद आलेला नाही. पिंपळे गुरवकडच्या रस्त्याला धूळ दिसते, ती बैलगाडीचीही असेल.

कंडक्टर दोनदा घंटा मारून बसला. सोनाबाईने पेरूची पाटी दारातच पायरीवर ठेवली आहे आणि स्वतः खाली त्या धुळीकडे बघत उभी आहे. तो ओरडतो, "अहो बाई, चढा की, सरकारी गाडी आहे, तुमच्या घरची नाही." ती म्हणते, "दमानं घ्या दादा, पाटी लई जड हाय, म्हातारीला उचलत न्हाई."

पाटी मीच थांब्यापर्यंत आणली होती. निम्मीसुद्धा भरलेली नाही.