व्याह्यांची यादवी

२८ जून, शनिवार. मॉरिसव्हिल
गार्गीचा फोन. तिच्या होणाऱ्या सासऱ्यांनी, म्हणजे रेने, आम्हा दोघांना व्हर्जिनियात बोलावलंय. तिथे एका माळावर हौशी मंडळी अमेरिकेच्या यादवी युद्धातली पहिली लढाई पुन्हा लढून दाखवणार. रे त्यात सैनिक.
रे व्हिडिओ कॉलवर असला की मागच्या भिंतीवर त्याचे खापरपणजोबा दिसतात. दक्षिणेच्या सैन्यातले. करड्या वर्दीत. मी म्हटलं, कॅन्सल. माणसं गुलाम ठेवायला जे लढले, त्यांची वर्दी मिरवणाऱ्यांच्या घरात आपली मुलगी...
गार्गी : "बाबा, जस्ट आस्क हिम!"

२ जुलै, बुधवार
शैला गेले काही दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतेय. आज पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, प्रश्न तुम्हाला पडलाय ना? मग समोर बसून विचारा. पोरीला का छळताय?"
जातोय.

१२ जुलै, शनिवार. व्हर्जिनिया, मोटेल
उकाडा भयंकर. रे पार्किंगमध्येच धावत आला. वर्दी निळी! उत्तरेची! जाड लोकर, घामाने चिंब. माझं पाठ केलेलं भाषण बाजूलाच राहिलं. तरी विचारलं, मग भिंतीवर आहेत ते?
"ते माझेच आहेत, लपवून काय करू?" रे म्हणाला. "पण त्यांची बाजू चुकीची होती. म्हणून मी इकडून लढतो. यावरून माझे वडील शेवटपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत." मग हसून, "आणि उद्या आम्हीच हरणार आहोत!"
हातातली पाण्याची बाटली दिली त्याला. गार्गी लांबून बघत होती. मी मान डोलावली तशी पळत आली नि गळ्यात पडली.

१३ जुलै, रविवार
धमाल!! तेव्हा म्हणे वॉशिंग्टनचे लोक डबे घेऊन लढाई बघायला आले होते. एका दुपारीत सगळं आटपेल अशी खात्री. म्हणून आम्ही प्रेक्षकही नाटकात. बाकीच्या बायका घेरदार झग्यात, शैला नऊवारीत. "जुन्या काळचं माझ्याकडे हेच आहे."
सकाळी निळे जिंकत होते. शिट्ट्या मारल्या मी! दुपारी करड्यांना कुमक आली आणि निळे पळत सुटले. ठरल्याप्रमाणे आम्हीही पळालो. शैलाच्या एका हातात पदर, दुसऱ्यात पुऱ्यांचा डबा. वाटेतच रे मरून पडलेला. एक डोळा उघडून म्हणतो, "पुरी?" शैलाने मृताला घास भरवला. मृत खदखदून हसला, त्याचा कॅप्टन त्याच्यावर ओरडला, आणि मी गवतात बसकणच मारली. इतका कधी हसलो होतो?
नंतर एक कृष्णवर्णीय बाई पुढे येऊन बोलल्या. एका दुपारचं युद्ध चार वर्षं चाललं. मालकांची शेतं सोडून गुलाम कुटुंबं उत्तरेच्या छावण्यांकडे चालत निघाली. त्यांच्या घराण्यातलीही एक बाई त्यात होती, कडेवर मूल घेऊन. रेने टोपी काढली. मी त्याच्या शेजारी उभा होतो.
मग त्याच बाई आमच्या चादरीवर येऊन बसल्या. श्रीखंड दोनदा मागून घेतलं.

२० जुलै, रविवार. घरी
रेचा फोन. ऑक्टोबरात पुढची लढाई. "तू जन्मभर पूल बांधलेस. आमच्या फौजेला ओढ्यावर पूल हवाय. भरती हो!"
शैला : "या वयात? आणि ऑक्टोबरात लग्न आहे पोरीचं!"
रेला कळवलं. त्याच्याकडे उत्तर तयार : शनिवारी लढाई, रविवारी लग्न, मांडव त्याच माळावर. पाहुण्यांना तंबू फुकट.
गार्गीला मेसेज टाकलाय. फोनवर ती लिहीत असल्याची तीन टिंबं दिसतात, जातात, परत दिसतात...